लवकर मेलेल्यांची चांदी

२ सप्टेंबर, पहाटे

आजपासून रोजनिशी. वाचणारा मीच, तेव्हा खोटं लिहिण्यात काही अर्थ नाही.

संकल्प. राग सोडणे. तसा मला राग येत नाही, पण जो येत नाही तोही सोडलेला बरा. रोज पहाटे प्रार्थना, पाठ ताठ ठेवून. आणि नाण्यांचा ट्रे हे वर्ष संपायच्या आत पुरा करणे.

ट्रेविषयी. मी प्राचीन रोमची चांदीची नाणी जमवतो. अंगठ्याच्या नखाएवढं नाणं, वर सम्राटाचं तोंड. नाव देनारियस. पण सगळे सम्राट मी घेत नाही. जे मारले गेले तेवढेच, आणि त्यातही जे लवकर मारले गेले ते. कारण साधं आहे. सम्राट वीस-पंचवीस वर्षं टिकला की त्याची नाणी पोत्यांनी सापडतात. दोन-तीन महिन्यांत मुंडकं उडालं की टांकसाळीला वेळच मिळत नाही. नाणी थोडी पडतात, म्हणून दुर्मिळ. खून जितका लवकर तितकी चांदी मोलाची. या विचाराने मला फार शांत वाटतं. सत्ता, वैभव, कशाचाच भरवसा नाही. शेवटी देव.

मखमली ट्रेला आठ खळगे. सात भरले आहेत. झिजलेली, चेपलेली का होईना, सात आहेत. आठवा पर्टिनॅक्सचा. तीन महिनेसुद्धा धड राज्य केलं नाही, पहाऱ्याच्या शिपायांनीच त्याला भोसकलं आणि डोकं भाल्यावर लावून मिरवत नेलं. एवढा मिळाला की माझी हौस संपली. मग नुसती प्रार्थना.

४ सप्टेंबर

नाण्यांच्या डीलरकडे गेलो. मन शांत होतं. गाल्बाचं नाणं दाखवायला नेलं होतं. गाल्बाला भर चौकात कापलं. टक्कल असल्यामुळे मुंडकं केसांनी धरून नेता येईना, म्हणून शिपायाने तोंडात अंगठा घालून ते उचललं, असं सांगतात. तर हे नाणं फार काळपट होतं. मी ते कारखान्यातल्या बफिंग मशीनवर धरलं आणि आरशासारखं करून आणलं. मी प्रेस शॉपचा फोरमन. धातू मला कळतो. ठोकलेलं कोणतं, ओतलेलं कोणतं, नुसता हात लावून सांगतो.

डीलरने भिंग लावलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, याची दाढी कुणी केली. त्याचं म्हणणं, दोन हजार वर्षांचा तो काळपटपणा हाच नाण्याचा दागिना होता, आणि मी तो खरवडून टाकला. आता याचं बटण करा आणि शर्टाला लावा, म्हणाला.

त्यानंतर त्याची कॉलर माझ्या हातात आली. काउंटरची काच गेली. कशी गेली ते आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही. म्हातारा सत्तरीचा, पण हाताला जड. टेबलावरचा पितळी लॅम्प माझ्या भुवईवर बसला. टाके पडले.

निघताना म्हणाला, मी जिवंत असेपर्यंत तुम्हाला एक नाणं विकणार नाही. त्याचं वय बघता ही अडचण फार दिवस राहील असं वाटत नाही.

घरी बायकोने विचारलं, कपाळाला काय झालं. म्हटलं, काउंटर लागला. ती म्हणाली, काउंटरचा नेम चांगला आहे.

५ सप्टेंबर

डोकं ठणकतंय. तरी प्रार्थनेला बसलो. डीलरला मनापासून क्षमा केली. मग आठवलं की लॅम्प त्याने मारला होता. पुन्हा एकदा क्षमा करावी लागली. दुसऱ्या वेळची तितकी मनापासून नव्हती, पण धरायला हरकत नाही.

९ सप्टेंबर

घराची रचना लिहून ठेवतो. शांततेच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे.

डाव्या अंगाला मी आणि बायको. उजव्या अंगाला धाकटा भाऊ, एकटा. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. लग्न केलं नाही, सगळं आयुष्य तांब्याच्या तारेत गुंडाळलं. मधली खोली आईची. तिला दोन दारं, एक आमच्याकडे उघडतं, एक त्याच्याकडे. आई सकाळी आमच्यात जेवते, संध्याकाळी त्याच्यात. बाबा गेले तेव्हा तिने एवढंच मागितलं होतं की दोघं एका छपराखाली राहा, मला वाटून घेऊ नका. मी वचन दिलं. मीच दिलं. धाकटा नुसता रडत होता.

धाकटाही नाणी जमवतो. माझं बघून. त्याच्या डब्यात कोणीही असतं. मारलेले, जगलेले, म्हातारे होऊन अंथरुणात गेलेले. काही शिस्त नाही.

रोममध्ये असेच दोन भाऊ होते. थोरला कॅराकॅला, धाकटा गेटा. बाप गेल्यावर त्यांनी राजवाडा वाटून घेतला, मधली दारं बंद करून टाकली. शेवटी थोरल्याने समेट करू म्हणून धाकट्याला आईच्या खोलीत बोलावलं आणि शिपायांकडून मारून टाकलं. आईच्या मिठीत. आईच्याही हाताला जखम झाली. वाचताना माझे डोळे भरून आले. किती सोसलं बिचाऱ्या गेटाने. मला तो अगदी माझ्यासारखा वाटतो. तो धाकटा होता आणि मी थोरला आहे, एवढा तपशील सोडला तर सगळं जुळतं.

२० सप्टेंबर

प्रार्थनेच्या वेळी धाकट्याकडे मोटर सुरू. दुरुस्त केलेली मोटर चालते का बघत होता म्हणे. पहाटे. मी अंगणातून गेलो आणि समजुतीच्या सुरात सांगितलं. मोटर मधेच माझ्या पायात आली आणि तिथून भिंतीवर गेली. भिंतीचं प्लास्टर पडलं. मोटर कोणा पिठाच्या गिरणीवाल्याची होती.

धाकट्याने हात उचलला नाही. फक्त मोटरचा तुटलेला पंखा हातात घेऊन म्हणाला, "दादा, आजवर मी मोजत नव्हतो. पुढच्या वेळी आईच्या समोर असं काही केलंस, तर मी भाड्याने खोली बघीन. आणि आईला विचारीन, येतेस का म्हणून."

आई दारात उभी होती. मी तिला सांगितलं, काळजी करू नकोस, तुला शेवटपर्यंत मीच सांभाळणार आहे. ती म्हणाली, आधी ती भिंत सांभाळ.

४ ऑक्टोबर, रविवार

नाणी क्लबची बैठक. वाचनालयाच्या मागची खोली. माझं भाषण होतं, विषय 'अल्पायुषी सम्राट आणि मनःशांती'. सुरुवात उत्तम झाली. मग ओथोपाशी आलो. ओथो विग घालायचा, तीन महिने राज्य केलं, लढाई हरला तेव्हा स्वतःच्या छातीत खंजीर खुपसला. ट्रेमध्ये माझा तो सगळ्यांत लाडका आहे.

क्लबचे सेक्रेटरी पेशाने डेंटिस्ट. त्यांनी बोट वर करून विचारलं, हा मारला गेलेला कसा, याने तर जीव दिला. मी म्हटलं, परिस्थितीने मारला. ते म्हणाले, परिस्थितीने तर सगळेच मरतात, मग तुमचा ट्रे मैदानाएवढा करा. लोक हसले. धाकटाही हसला. तोंडावर रुमाल धरून, पण हसला.

मी शांतपणे व्यासपीठावरून खाली उतरलो. डेंटिस्टचा पुढचा दात पडला. वरचा.

नंतर खुर्च्या चालल्या. कोणाची कोणाला लागली याचा हिशेब कठीण आहे. ग्रंथपाल कपाटामागे गेले ते बैठक संपेपर्यंत आले नाहीत. धाकट्याने मला मागून मिठी मारून बाहेर ओढलं आणि आम्ही दोघं पायऱ्यांवरून गडगडत गेलो. खाली तो होता, म्हणून मला फारसं लागलं नाही.

संध्याकाळी निवांत विचार केला. दुसऱ्या कोणाचा दात पडला असता तर त्याला डेंटिस्ट शोधावा लागला असता. देवाने माणूस बघूनच निवडला.

७ ऑक्टोबर

क्लबने धाकट्याबरोबर निरोप पाठवला. मी यापुढे येऊ नये. धाकट्याने माझ्या वतीने डेंटिस्टची माफी मागितल्याचंही कळलं. माझी माफी, आणि मला न विचारता. हे सरळ सरळ अतिक्रमण आहे. तरी मी गप्प राहिलो. कप फुटला तेवढंच.

१५ ऑक्टोबर

प्रेस शॉप. नवीन ऑपरेटर प्रेसची डाय, म्हणजे साचा, तिरकी बसवत होता. मी आवाज न चढवता समजावून सांगत होतो. समजावताना हातात स्पॅनर असतोच. मॅनेजरच्या केबिनची काच मशीनच्या इतक्या जवळ का बसवली आहे, हे मला पंचवीस वर्षांत कळलेलं नाही. मॅनेजर जेवत होता. काचेचा चुरा डब्यात. ऑपरेटर खाली वाकला म्हणून वाचला. चपळ पोरगा आहे, पुढे येईल.

मला आठ आठवडे सक्तीची रजा. बायको म्हणाली, काढून टाकलं नाही हे नशीब. मी याला एकांतवास म्हणतो. विरक्त माणसं यासाठी डोंगरावर जातात, मला तो घरबसल्या मिळाला.

१८ ऑक्टोबर

एकांतवासाचा तिसरा दिवस. प्रार्थना दोनदा. विटेलियसविषयी वाचलं. त्याला दोरी बांधून रस्त्यातून फरफटत नेलं, लोक शेण फेकत होते, हनुवटीखाली तलवारीचं टोक धरलं होतं म्हणजे मान खाली घालता येऊ नये. शेवटी आकड्याने ओढून नदीत टाकला. वाचून मन हलकं झालं. दुपारी छान झोप लागली.

२४ ऑक्टोबर

धाकट्याकडची घरघर आईच्या खोलीतून थेट माझ्या कानात येते. इतिहासापासून शिकलं पाहिजे. रोमच्या त्या दोन भावांनी मधली दारं बंद केली तेव्हा काही काळ तरी शांतता होती. पुढे जे झालं ते दारांमुळे झालं नाही.

आईच्या खोलीचं आमच्याकडचं दार फळ्या मारून बंद केलं. चार इंची खिळे. एक खिळा वाकला, अंगठा सोलला, स्टूल लाथेने अंगणात गेलं, शेजारच्या कुत्र्याला लागलं, कुत्रं चावलं. पण काम पक्कं झालं. आईने आतून विचारलं, "काय रे, ठोकतोयस काय?" मी म्हटलं, "शांतता." मग म्हणाली, "जरा हळू ठोक."

नंतर बायकोने दाखवून दिलं की आता आईला धाकट्याकडचं दार तेवढं राहिलं. आमच्याकडे यायचं तर अंगणातून वळसा. हे माझ्या लक्षात होतंच. तेवढंच चालणं होईल.

२ नोव्हेंबर

आई अजून वळसा घालून आली नाही. गुडघे दुखतात म्हणते. दोन्ही वेळचं जेवण आता धाकट्याकडे. बायको रोज दुधाचा पेला घेऊन अंगणातून जाते आणि बराच वेळ येत नाही. आली की डोळे लाल. मी विचारलं तर म्हणते, कांदा. दुधात कांदा कोण घालतं.

मी आईला वाटून दिलेलं नाही. एक दार लावलं आहे, इतकंच.

१२ नोव्हेंबर

डीलरच्या दुकानासमोरून जात होतो. रस्त्याच्या पलीकडून, मुद्दाम पलीकडून. काचेत पर्टिनॅक्स.

घरी येऊन मफलर, बायकोचा जुना गॉगल आणि डोक्याला टोपी असा वेश केला. आवाज बदलून बोलायचं ठरवलं. दुकानात शिरलो आणि घोगऱ्या आवाजात म्हटलं, मी बाहेरगावचा आहे. डीलर म्हणाला, असाल, पण भुवई इथलीच आहे. आणि लॅम्पकडे हात गेला.

मी सभ्यपणे मागे सरलो. मग पुन्हा पुढे झालो. मग त्याने शटर ओढलं. माझी बोटं शटरखाली. दोन नखं काळी पडली आहेत. मी शटरला लाथा घातल्या त्या वेदनेपोटी. रस्त्यावर माणसं जमली तेव्हा गॉगल घातलेला होता, हे एक बरं.

१४ नोव्हेंबर

दुकानाची मागची खिडकी. फक्त विचार केला. प्रार्थनेत विचार येतात, त्यांना येऊ द्यावं आणि जाऊ द्यावं. हा आला आणि बसूनच राहिला. कटावणी कुठे ठेवली आहे ते बायकोला विचारलं. ती म्हणाली, सांगणार नाही.

१८ नोव्हेंबर

संध्याकाळी धाकटा अंगणातून आला. हातात छोटी डबी. त्याने आपली अर्धी नाणी देऊन डीलरकडून पर्टिनॅक्स घेतला. माझ्यासमोर डबी उघडून ठेवली.

"दादा, हा तुझ्या ट्रेमध्ये ठेव. तिथे जागा आहे त्याला. मला काही नको. तेवढं दार उघड. आईला वळसा जमत नाही, आणि मागता येत नाही तिला."

मी डबीकडे बघितलं. ज्या सम्राटाला मी सहा दिवस रस्त्याच्या पलीकडून बघतोय, तो याच्या खिशातून निघाला. हा काय उपकार झाला की टोमणा, याचा निर्णय घाईने करू नये. उद्या सांगतो, म्हटलं. धाकट्याने डबी तिथेच ठेवली. माझ्यावर विश्वास म्हणून, असं म्हणाला. हे तर आणखीनच खटकलं.

१९ नोव्हेंबर

झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी नाणं अंगणात उजेडाला धरलं. पर्टिनॅक्स. लांब दाढी, दमलेले डोळे. कडेवर बोट फिरवलं आणि मला लगेच कळलं. आत तांबं, वर चांदीचा मुलामा. अशी खोटी नाणी रोमच्या काळीही चालायची, आणि शंका आली की तेव्हाचे लोक छिन्नीचा एक घाव घालून आतलं बघायचे. जुनी, पक्की पद्धत. धाकट्याला गंडवलं होतं. त्याच्या भल्यासाठीच हे उघड करायला हवं होतं.

अंगणात धाकट्याचा बेंच आहे, त्याला व्हाइस, वस्तू घट्ट पकडायचा लोखंडी शिकंजा. व्हाइसच्या सपाट पाठीवर नाणं ठेवलं. छिन्नी लावली. धाकटा घरातून धावत आला, "दादा, थांब." मी थांबणारच होतो. पण घाव निघून गेला होता.

नाणं दाढीपासून कानापर्यंत चिरलं. आत पांढरं. तळापर्यंत पांढरं. पण आभाळ आलं होतं, उजेड धड नव्हता, म्हणून खात्रीसाठी दुसरा घाव घालणं भाग होतं. धाकट्याने माझा गळा धरला. माझं कोपर त्याच्या नाकावर गेलं. काहीतरी मोडल्याचा आवाज आला. त्याने माझा कान चावला. रक्त कोणाचं कोणाच्या शर्टावर, कळेना. बायको ओरडत होती आणि मी तिला सांगत होतो की ही तपासणी चालली आहे.

तेवढ्यात आई आली. अंगणातून, वळसा घालून. पुढे झाली आणि नाण्यावर हात ठेवला.

हातोडा आधीच निघाला होता.

२० नोव्हेंबर

मनगटाची दोन हाडं. उजवा हात.

हॉस्पिटलमध्ये आईने सांगितलं, पायरीवरून पडले. डॉक्टरने धाकट्याचं नाक बघितलं, माझा कान बघितला आणि विचारलं, पायरी किती उंच आहे. कोणी हसलं नाही.

प्लास्टर चढत असताना आई कण्हली नाही. माझ्याकडे बघत होती. मी लहानपणी तापात असलो की बघायची तसं.

गेटाच्या आईच्याही हाताला जखम झाली होती. मी गेटा आहे याला आणखी काय पुरावा हवा.

२१ नोव्हेंबर

प्रार्थनेला बसलो. शब्द आठवले नाहीत. थंडीमुळे असेल.

२३ नोव्हेंबर

बायकोने छिन्नी आणून टेबलावर ठेवली. म्हणाली, ही गुलाबाच्या कुंडीमागे सापडली. धाकट्या भाऊजींनी गळा धरला तेव्हाच तुमच्या हातून पडली, मी बघितलं. मग दुसऱ्या वेळी तुम्ही नुसत्या हातोड्याने काय तपासत होतात?

या प्रश्नाला तांत्रिक उत्तर आहे. आठवलं की इथे लिहीन.

२७ नोव्हेंबर, सकाळी

धाकट्याने खोली घेतली. त्याच्याच दुकानाच्या वर. टेम्पो आला. आधी त्याचं सामान गेलं, मग आईची खाट. आमच्याकडचं दार खिळलेलं, त्यामुळे ती त्याच्याच दाराने गेली.

मी टेम्पोसमोर उभा राहिलो. शांतपणे. ड्रायव्हर म्हणाला, काका, बाजूला व्हा. त्याच्या हेडलाइटची काच माझ्या मुठीखाली आली. ड्रायव्हर खाली उतरला आणि माझ्या कानाखाली एकच वाजवली. ज्या कानाला टाके आहेत त्याच. मी खाली बसलो. मग बसलो आहे तर प्रार्थना करावी असं वाटलं, पण टेम्पो हॉर्न वाजवत होता.

धाकटा म्हणाला, दादा, मी तुला सांगितलं होतं. सांगितल्याप्रमाणे वागतो, हा त्याचा लहानपणापासूनचा दोष आहे.

आईला म्हटलं, तू नको जाऊस. तुला वाटून घ्यायचं नाही असं मी वचन दिलंय. ती पुढच्या सीटवर बसली होती, प्लास्टर मांडीवर. म्हणाली, "वाटून नाही घेतलंस रे. सगळीच देऊन टाकलीस."

५ डिसेंबर

दार उघडलं. खिळे निघेनात, शेवटी बायकोने लपवलेली कटावणी काढून दिली, ती लावली तेव्हा दार चौकटीसकट अंगावर आलं. खांदा निळा पडला आहे.

मधली खोली रिकामी. फरशीवर खाटेच्या पायांचे चार डाग. खिडकीत डबी. चिरलेला पर्टिनॅक्स धाकटा ठेवून गेला होता. चिठ्ठी वगैरे काही नाही.

नाणं ट्रेच्या आठव्या खळग्यात बसवलं. बरोबर बसलं. म्हणजे ट्रे पुरा झाला, आणि वर्ष संपायला अजून अवकाश आहे. संकल्प पार पडला, याची इथे नोंद करतो.

नंतर ट्रे भिंतीवर गेला. सगळे सम्राट खोलीभर झाले. सात सापडले. गाल्बा अजून मिळत नाही. बायको झाडू घेऊन आली, दारात थांबली आणि न झाडता परत गेली.

१० डिसेंबर

कारखान्यात रुजू. मॅनेजरच्या केबिनला आता काचेऐवजी पत्रा लावला आहे. ऑपरेटर मला लांबून काम दाखवतो, मशीनच्या पलीकडून. शिस्त वाढली आहे.

१३ डिसेंबर

खूप विचार केला आणि ठरवलं. मी सगळ्यांना क्षमा करणार. धाकट्याला, डीलरला, डेंटिस्टला, ड्रायव्हरला, कुत्र्याला. आणि आईलाही. येत्या रविवारी जाईन, क्षमा करीन आणि दोघांना घेऊन येईन. टेम्पो दुसरा ठरवला आहे, हा ड्रायव्हर अंगाने बारीक आहे.

भाषण तयार. सुरुवात क्षमेने, मध्ये बालपण, शेवटी एक छप्पर. आरशासमोर म्हणून बघितलं. बायको म्हणाली, हातवारे कमी करा. मी विचारलं, तू येतेस का. ती म्हणाली, मी रोजच जाते.

२० डिसेंबर, रविवार

टेम्पो खाली उभा करून वर गेलो. जिना अरुंद, तांब्याचा आणि वार्निशचा वास. दार आईने उघडलं, डाव्या हाताने. प्लास्टर मळलं आहे. मी ते बघायला हात पुढे केले.

आई मागे सरकली. फार नाही, पाऊलभर. मग स्वतःच थोडी ओशाळली आणि म्हणाली, "ये आत. पण हात खिशात ठेव."

थंडी होतीच. ठेवले.

एकच खुर्ची, ती मला दिली. हात खिशात असले की खुर्चीत धड बसता येत नाही, माणूस पुढे घसरतो. धाकटा खाली बसून तार गुंडाळत होता. त्याचं नाक आता जरा डावीकडे बघतं. त्याने मान हलवली, मीही हलवली. भाषण ओठांवर होतं. पण भाषणाला हात लागतात. हातांशिवाय क्षमा कुठून सुरू करायची ते सुचेना. खालून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. पुन्हा दिला. कोणाचा टेम्पो म्हणून कोणी विचारलं नाही. थोड्या वेळाने तो निघून गेल्याचा आवाज आला.

आईने विचारलं, कान बरा आहे का. म्हटलं, बरा आहे. मनगटाचं विचारायला हवं होतं, ते तोंडातून निघालं नाही.

धाकट्याने चहा केला. तीन कप. माझा माझ्यासमोर स्टुलावर ठेवला. त्याने आपला घेतला. आईने डाव्या हाताने आपला उचलला, थोडा सांडला, तिने तो तसाच प्यायला. मी वाट बघत होतो. आता हात काढ बाहेर, असं दोघांपैकी कोणीतरी म्हणेल.

चहावर साय धरली.